घरात पाळणाघर सुरू करायचंय, परवाना नेमका कुणाकडून?

मृण्मयी_डोंबिवली:
स्वतःच्या नावावरचा २ बीएचके आहे, पहिला मजला. हॉल साधारण १८० चौरस फूट, एक बेडरूम १२०. दुसरी बेडरूम घरच्यांसाठी ठेवायची आहे. १ ते ६ वर्षांची १०-१२ मुलं, सकाळी ८ ते संध्याकाळी ७. मी आणि एक मदतनीस ताई. दुपारचं जेवण इथलंच द्यावं असा विचार आहे. परवान्याचं विचारलं तर दोन कार्यालयांत दोन उत्तरं मिळाली: एकीकडे ‘शॉप ॲक्ट करा, झालं’, दुसरीकडे ‘महिला व बालविकासची नोंदणी लागेल’. खरं काय? आणि सोसायटीची एनओसी लागतेच का?

फायलीतला_माणूस:
‘पाळणाघराचा परवाना’ असा एकच कागद महाराष्ट्रात घरगुती पाळणाघराला मिळत नाही. म्हणून दोन उत्तरं मिळाली. वेगवेगळ्या खात्यांचे चार-पाच छोटे कागद मिळून काम होतं.

आधी जे लागत नाही ते. महिला व बालविकासची जी नोंदणी सांगितली गेली ती बहुधा बाल न्याय कायदा २०१५ च्या कलम ४१ ची. ती काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या मुलांना ठेवून घेणाऱ्या संस्थांसाठी, म्हणजे बालगृहं वगैरे. आई-बाबा सकाळी सोडून संध्याकाळी नेतात त्या घराला ती लागू नाही. ‘पाळणा’ योजनेचंही कुणी सांगेल. ती मिशन शक्तीतली सरकारी योजना आहे, अंगणवाडीला जोडून चालणाऱ्या पाळणाघरांची. खाजगी पाळणाघराचा परवाना म्हणजे ती नव्हे.

आता जे लागतं ते.

शॉप ॲक्ट, ज्याला जुनी मंडळी अजून गुमास्ता म्हणतात. २०१७ च्या नव्या कायद्यात कमी माणसं कामाला असलेल्या जागेला नोंदणी नाही, फक्त सूचना द्यायची, म्हणजे इंटिमेशन. एका मदतनिसावर तुम्ही त्यातच बसता. व्यवसाय सुरू झाल्यापासून ६० दिवसांत ऑनलाइन अर्ज करायचा, नमुना एफ. पावती मिळते ती नमुना जी. आधार, पॅन, जागेचा पुरावा आणि पाटीचा फोटो हाताशी ठेवा. अर्ज अडतो तो बहुतेक वेळा पाटीवर. पाटी मराठीत, देवनागरीत हवी. दुसऱ्या लिपीत नाव लिहिलंत तर मराठी अक्षरं त्याहून लहान चालत नाहीत. २०२२ च्या दुरुस्तीनंतर हे छोट्या आस्थापनांनाही आहे. ‘किड्स वर्ल्ड’ असं इंग्रजीत मोठं आणि खाली मुंगीएवढं मराठी, असा फोटो लावलात की अर्ज परत.

ही पावती म्हणजे ‘सरकारमान्य पाळणाघर’ नव्हे. जाहिरातीत तसं छापू नका. तुम्ही आस्थापना चालवता हे कळवलंत, एवढाच तिचा अर्थ.

व्यवसाय कराचं पीटीईसी, म्हणजे नावनोंदणी प्रमाणपत्र: कर वर्षाला २,५०० रुपये, ३० जूनच्या आत. हा लोक हमखास विसरतात आणि मग व्याजासकट भरतात. उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगांसाठीची) ऐच्छिक आहे आणि सरकारी पोर्टलवर पूर्णपणे फुकट. जो पैसे मागतो तो एजंट. बँकेत चालू खातं उघडताना ती कामाला येते. जीएसटी वर्षाची उलाढाल २० लाखांच्या पुढे गेली तर बघायचा, आज नाही.

३ ते ६ वयाच्या मुलांना तुम्ही ‘नर्सरी’, ‘ज्युनिअर केजी’ म्हणून शिकवणार असाल तर मात्र गोष्ट बदलते. शालेय शिक्षण विभागाने २०२५ मध्ये खाजगी पूर्वप्राथमिक केंद्रांसाठी नोंदणीचं पोर्टल सुरू केलं, तिथे माहिती भरावी लागेल. राष्ट्रीय बाल हक्क आयोगाची प्ले स्कूलसाठीची मार्गदर्शक तत्त्वंही मग लागू धरा: २० मुलांमागे एक शिक्षिका आणि एक मदतनीस. नुसतं सांभाळणं असेल तर पाटीवर ‘पाळणाघर’च लिहा. उगाच ‘प्री-स्कूल अँड डे-केअर’ लिहून दोन्हीकडचे नियम अंगावर घेऊ नका.

बिनपगारी_सचिव:
सोसायटीबद्दल. एनओसी ‘लागतेच का’ हा प्रश्न शॉप ॲक्टच्या दृष्टीने विचारलात तर अर्ज तिच्यावाचून सहसा अडत नाही. पण पाळणाघर बंद पडतं ते सरकारमुळे कमी आणि शेजाऱ्यांमुळे जास्त. सकाळी साडेआठला गेटसमोर सहा स्कूटर उभ्या राहतात, दुपारी खालच्या मजल्यावरच्या आजोबांची झोपमोड होते, आणि पहिली तक्रार तिथून सुरू होते.

सचिवांनी जिन्यात भेटून ‘करा की’ म्हटलं, ती परवानगी नव्हे. लेखी अर्ज द्या आणि त्यात मुलांची कमाल संख्या, वेळ, रविवार बंद, मुलं सोडणाऱ्यांनी गाडी कुठे थांबवायची हे सगळं लिहा. व्यवस्थापन समितीच्या बैठकीत ठराव होऊ द्या आणि पत्रावर ठरावाचा क्रमांक आणि तारीख घ्या. समिती बदलली की तोंडी शब्दाला कुणी विचारत नाही, इतिवृत्तातला ठराव खोडता येत नाही. आणि पत्रात १० मुलं लिहून १६ ठेवलीत तर तोच कागद तुमच्याविरुद्ध जातो.

भाड्याची जागा असलेल्यांसाठी एक: लिव्ह अँड लायसन्स करारात ‘फक्त निवासी वापरासाठी’ हे वाक्य छापीलच असतं. पाळणाघराला मालकाची संमती असल्याचं कलम त्याच नोंदणीकृत करारात घाला, वेगळ्या चिठ्ठीवर नको.

जागेच्या वापराचा नियम शहरावर ठरतो. मुंबई महापालिकेची हद्द सोडली तर राज्यात बहुतेक ठिकाणी २०२० ची एकत्रित विकास नियंत्रण नियमावली चालते. तुमच्याकडेही तीच. निवासी विभागात कुठले वापर कुठल्या मजल्यावर चालतात याची यादी तीत आहे. नगररचना विभागात तोंडी विचारू नका, लेखी अर्ज देऊन उत्तर लेखी घ्या. मालमत्ता कर बिगरनिवासी दराने लागेल का, हेही त्याच फेरीत विचारून टाका.

वीज. हे कुणी सांगत नाही म्हणून सांगतो. महावितरणच्या दरपत्रकात राहत्या घराच्या काही भागात व्यवसाय असेल तर घरगुती दर चालतो, पण महिन्याला ३०० युनिट आणि मागच्या आर्थिक वर्षात ३,६०० युनिट या मर्यादेत. दोन एसी दिवसभर चालवलेत की एप्रिल-मेमध्येच ३०० ओलांडाल. मुलांच्या खोलीत पंखे आणि एकच एसी ठेवा, मीटरचं रीडिंग दर महिन्याला टिपून ठेवा.

आग. इमारतीला अग्निशमन यंत्रणा असेल तर २००६ च्या महाराष्ट्र अग्निसुरक्षा कायद्याप्रमाणे दर जानेवारी आणि जुलैत यंत्रणा चालू स्थितीत असल्याचं परवानाधारक एजन्सीचं ‘नमुना बी’ प्रमाणपत्र लागतं. ते सोसायटीचं काम, पण त्याची प्रत तुमच्या फायलीत हवी. घरात आग विझवायचं एबीसी पावडरचं ४ किलोचं एक सिलिंडर लावा. ते दाराजवळ लावा, गॅसच्या मागे नको, कारण आग तिथेच लागणार आणि तुमचा हात तिथे पोचणार नाही. काटा हिरव्यात आहे ना, पिन आणि सील जागेवर आहे ना, महिन्यातून एकदा बघा. आणि खिडक्यांना बंद ग्रील असेल तर एका ग्रीलला उघडणारं दार करून घ्या. त्याची किल्ली मोठ्यांच्या उंचीवर, तिथेच खिळ्याला टांगलेली.

पाळण्याची_दोरी:
कागद वरच्यांनी सांगितले. एक राहिला, आणि तो सगळ्यात महत्त्वाचा.

पॉक्सो म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा. त्याच्या २०२० च्या नियमांतल्या नियम ३ मध्ये शाळांबरोबर पाळणाघराचा स्पष्ट उल्लेख आहे. मुलांच्या संपर्कात येणाऱ्या प्रत्येक कर्मचाऱ्याची पोलीस पडताळणी, आणि तीही ठरावीक काळाने पुन्हा. कायम असो, रोजंदारीवर असो. मदतनीस ताई दहा वर्षं ओळखीच्या असल्या तरी. चारित्र्य पडताळणीचा अर्ज ऑनलाइन होतो, पण पत्त्याचा पुरावा जुन्या गावचा असेल तर तिथेच अडकतो, म्हणून आधी आधारवरचा पत्ता बदलून घ्या. घरात राहणाऱ्या मोठ्या माणसांचीही करून घ्या. नियम कर्मचाऱ्यांबद्दल बोलतो, पण पालक घरच्यांबद्दल विचारतात आणि त्यांनी विचारायलाच हवं. बाल संरक्षण धोरणाचं एक पान लिहून त्यावर सगळ्यांच्या सह्या घ्या. आणि लैंगिक अत्याचाराचा संशय आला तर ‘आधी घरच्यांशी बोलू’ हा मार्ग कायद्यात नाही. पॉक्सो कायद्याच्या कलम १९ खाली पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, न कळवणं हा स्वतंत्र गुन्हा. चाइल्डलाइनचा १०९८ नंबर भिंतीवर हवा.

आता १०-१२ मुलं. केंद्राची २०१८ ची जी पाळणाघर मार्गदर्शक तत्त्वं आहेत (५० किंवा जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनांसाठीची) त्यांत मुलामागे १० ते १२ चौरस फूट धरलेत. तुमचे ३०० भागिले १२ म्हणजे २५ मुलं. कागदावर. पण मुलं चौरस फुटांनी सांभाळली जात नाहीत, हातांनी सांभाळली जातात. दीड वर्षाच्या आतली तीन-चार मुलं म्हणजे एक बाई पूर्ण गुंतली. एकीने शी धुवायला नेलं आणि दुसरी स्वयंपाकघरात असेल तर हॉलमध्ये मोठं माणूस कोण? दोघींमध्ये ८ मुलं, त्यांतली २ वर्षांच्या आतली जास्तीत जास्त ३. त्यापुढे तिसरं माणूस. स्वयंपाक तुम्हीच करणार असाल तर ११ ते १ या वेळात तिसरं माणूस आत्ताच लागेल.

न्हाणीघराकडे बघा. आपल्याकडे बादली भरून ठेवायची सवय असते, पाणी जाईल म्हणून. वर्षाचं मूल काठाला धरून उभं राहतं, आत वाकतं, डोकं जड म्हणून तोल पुढे जातो आणि पाय जमिनीवरून सुटतात. भरलेली बादली कलंडत नाही, म्हणून मूल बाहेरही पडत नाही. आवाजसुद्धा होत नाही. मुलांच्या वेळात बादली रिकामी आणि उलटी, पाण्याचा साठा झाकणाच्या पिंपात, आणि न्हाणीघराला बाहेरून उंचावर कडी. आतली कडी काढून टाका. तीन वर्षांचं मूल आतून कडी लावतं आणि मग त्याला ती उघडता येत नाही.

औषधाचं एक लिहिते, कारण ही चूक शिकलेली माणसंही करतात. पॅरासिटामॉलचे थेंब साधारण १ मिलीत १०० मिग्रॅचे असतात. सिरप ५ मिलीत १२० किंवा २५० मिग्रॅ. पालक फोनवर म्हणतात ‘पाच मिली द्या’, त्यांच्या डोक्यात १२० चं सिरप, तुमच्या हातात थेंबांची बाटली: मुलाच्या पोटात १२० ऐवजी ५०० मिग्रॅ. म्हणून फोनवरून औषध नाही. मुलाचं नाव लिहिलेली बाटली घरून यायला हवी आणि वहीत औषध, मात्रा मिलीत, वेळ आणि पालकांची सही. ताप १००.४ फॅरनहाइटला गेला की घ्यायला बोलवा. हे प्रवेशाच्या फॉर्मवर आधीच छापा, नाहीतर प्रत्येक वेळी वाद.

मृण्मयी_डोंबिवली:
खूप आभार सगळ्यांचे. ८ वरच थांबते. जेवणासाठी अन्न परवाना लागेल का? आणि सीसीटीव्हीचं थेट दृश्य पालकांना द्यावं का?

फायलीतला_माणूस:
शिजवून, पैसे घेऊन देणार असाल तर एफएसएसएआयची, म्हणजे अन्न सुरक्षा प्राधिकरणाची, नोंदणी लागेल. तुमच्या आकाराला मोठा परवाना नाही, साधी नोंदणी. त्यांच्या फॉसकॉस पोर्टलवर फोटो, ओळखपत्र आणि जागेचा पुरावा देऊन होते. डबे घरूनच येणार आणि तुम्ही फक्त गरम करून भरवणार, तर तुम्ही अन्न विकत नाही. पहिले सहा महिने डब्यावर चालवा, स्वयंपाकाचं माणूसही वाचेल.

पाळण्याची_दोरी:
डबा असला तरी यादी द्या. पाच वर्षांच्या आतल्यांना अख्खे शेंगदाणे, फुटाणे, अख्खी द्राक्षं नकोत. द्राक्ष उभं चिरून. वर्षाच्या आत मध नाही, आजीने कितीही सांगितलं तरी. तान्हं बाळ झोपवताना पाठीवर, उशी आणि गोधडीचा ढीग बाजूला.

सीसीटीव्ही हॉल आणि दाराशी लावा, कपडे बदलायच्या जागी अजिबात नको. थेट दृश्याच्या मी विरोधात आहे. एक पालक पाहतो म्हणजे बाकी सात मुलांनाही पाहतो, आणि त्या लिंकचा पासवर्ड कुठवर पोचतो ते तुम्हाला कळत नाही. रेकॉर्डिंग १५ ते ३० दिवस ठेवा आणि मागितलं तर तुमच्यासमोर बसून दाखवा. ग्रुपवर फोटो टाकायचे तर प्रत्येक मुलाच्या पालकांची लेखी संमती घ्या.

कॅमेऱ्यापेक्षा दाराशी वही जास्त कामाची. प्रत्येक मुलासमोर नेणाऱ्या तीनच माणसांची नावं, फोटो आणि मोबाइल. संध्याकाळी पावणेसातला ‘मी काका, ताईला मीटिंग आहे’ म्हणून कुणी आलं, मूल ओळखून हसलं, तरी नाव वहीत नसेल तर आईला वहीतल्या तिच्या नंबरवर फोन. आलेल्या माणसाने त्याच्या फोनवरून लावून दिलेला कॉल धरायचा नाही.