बी विंग – फक्त कामाचे मेसेज 🙏

शेवाळे सर (सेक्रेटरी): आज टाकी धुणार आहे. ११ ते ३ पाणी नाही. दुपारी टँकर येईल, गेटजवळ कोणीही गाडी लावू नये.

काळे आजी १०२: सुप्रभात 🌹🌹

जाधव ४०२: मंडळी, सेकंड हँड गाडीला कर्ज कोणी काढलंय का? काल डीलरच्या माणसाने साडेपंधरा टक्के सांगितले. नवीन गाडीला नऊ-साडेनऊ आणि जुनीला साडेपंधरा! ज्याच्याकडे पैसे कमी त्यानेच जास्त व्याज भरायचं. डोकं फिरलंय सकाळपासून.

वाघ ३०४: पार्टी कधी 🎉

निकम १०१: कोणती गाडी?

जाधव ४०२: वॅगनआर, २०२१ ची. ४ लाख ९० हजार मागतोय. ४ लाख कर्ज हवं, ५ वर्षांसाठी.

घुगे ४०१: गाडी लावणार कुठे ते आधी ठरवा.

जाधव ४०२: घुगेसाहेब, मी कर्जाचं विचारलंय.

घुगे ४०१: विचारा की. व्हिजिटर पार्किंगचं काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे, म्हणून आठवण केली.

पाटील ३०२: सचिनभाऊ टेन्शन घेऊ नका. आमच्या मेहुण्याचं फायनान्सचंच काम आहे. ८ टक्क्यांनी करून देतो. दोन दिवसांत पैसे.

वाघ ३०४: पेंटिंगवाला मेहुणा?

पाटील ३०२: तो मोठा. हा धाकटा.

मृणालताई १०३: मोठ्याच्या रंगाचे पोपडे मी आजही गॅलरीतून झाडतेय.

पाटील ३०२: ताई, नाशिकच्या पावसाला मी जबाबदार नाही 🙏

पेंडसे काका २०३: ८ टक्के फ्लॅट की रिड्यूसिंग?

जाधव ४०२: काका, फ्लॅट बी-४०२. विसरलात का 😀

वाघ ३०४: 😂😂😂

निकम १०१: गाडीचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. दोन तिमाहींचा मेंटेनन्स ज्यांचा बाकी आहे त्यांनी कृपया भरावा. कोणाचं नाव घेत नाही.

जाधव ४०२: निकमसाहेब, नाव घ्यायचं राहिलंय काय आता? पगार ७ तारखेला होतो, ८ ला भरतो. चार माणसांत काढायची गरज नव्हती.

निकम १०१: मी कोणाचंच नाव घेतलेलं नाही.

पेंडसे काका २०३: ८ टक्के फ्लॅट की रिड्यूसिंग? व्याजदराबद्दल विचारतोय, घराबद्दल नाही.

मृणालताई १०३: सचिन, आम्ही मागच्या वर्षी बँकेतून काढलं. त्यांनी स्वतःच्या माणसाकडून गाडीचं व्हॅल्युएशन केलं आणि डीलरच्या किमतीपेक्षा ३५ हजार कमी धरले. कर्ज त्या रकमेवर मिळतं, वरचे पैसे आपल्या खिशातले. शिवाय प्रोसेसिंग फी कापली आणि न विचारता एक विमा पॉलिसी गळ्यात मारली, १४ हजारांची. हातात आलेली रक्कम बघून आमचे हे दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

वाघ ३०४: तुमच्याशी का? 😄

मृणालताई १०३: फॉर्मवर सही मी केली होती ना.

घुगे ४०१: मुळात कर्ज काढून जुनी गाडी घ्यायचीच कशाला? आणि लावणार कुठे?

जाधव ४०२: आईचं डायलिसिस आठवड्यातून दोनदा असतं घुगेसाहेब. रिक्षात चढउतार होत नाही तिला.

शेवाळे सर (सेक्रेटरी): 🙏

घुगे ४०१: तसं नाही हो. माझं म्हणणं फक्त जागेबद्दल होतं.

तुषार ३०१: दादा, पीपीएफवर कर्ज काढ ना. १ टक्का व्याज! एवढं स्वस्त कुठेच नाही.

जाधव ४०२: खरंच? माझं खातं २०१४ चं आहे.

पेंडसे काका २०३: मग नाही मिळणार. ते कर्ज तिसऱ्या ते सहाव्या आर्थिक वर्षातच मिळतं, तेही शिलकेच्या २५ टक्क्यांपर्यंत. तुमचं खातं जुनं आहे, त्यातून थोडे पैसे थेट काढता येतील. कर्ज तेवढं कमी घ्या. आणि ८ टक्के फ्लॅट की रिड्यूसिंग??

पाटील ३०२: काका, ८ म्हणजे ८. हप्ता ९,३३३. सगळं क्लिअर आहे. उगाच लोकांना घाबरवू नका.

पेंडसे काका २०३: म्हणजे फ्लॅट. ४ लाखांवर वर्षाला ३२ हजार, पाच वर्षांचे १ लाख ६० हजार. दरमहा मुद्दल फिटत जातं, पण व्याज शेवटच्या महिन्यापर्यंत पूर्ण ४ लाखांवरच धरलंय. घटत्या शिलकेवर, म्हणजे रिड्यूसिंगने, हाच दर १४ टक्क्यांच्या थोडा वर जातो. बँकेने ११ टक्के रिड्यूसिंग सांगितले तर हप्ता साधारण ८,७०० आणि एकूण व्याज १ लाख २२ हजार. ११ वाला ८ वाल्यापेक्षा ३८ हजारांनी स्वस्त.

वाघ ३०४: काका, अकरा आठपेक्षा कमी? शाळेत आम्हाला उलटं शिकवलं 😂

काळे आजी १०२: पाणी कधी येणार?

पाटील ३०२: बँकेत महिनाभर चपला झिजवायला लावतात. हे कोणी सांगत नाही.

जाधव ४०२: पाटील, तुमच्या मेहुण्यांनी फोनवर मला आठ सांगितले, फ्लॅट हा शब्द काढला नाही.

पाटील ३०२: तुम्ही विचारला नाहीत.

मृणालताई १०३: पेंटिंगच्या वेळी प्रायमरचंही आम्ही विचारलं नव्हतं.

~ पाटील ३०२ यांनी हा मेसेज डिलीट केला ~

शेवाळे सर (सेक्रेटरी): कृपया वैयक्तिक बोलू नये. ग्रुपचं नाव वाचा.

पेंडसे काका २०३: सचिन, मेहुणे असोत की बँक, सही करण्याआधी केएफएस मागा, म्हणजे कर्जाचा दर, खर्च, अटी एकत्र लिहिलेला कागद. १ ऑक्टोबर २०२४ पासून रिझर्व्ह बँकेने नव्या किरकोळ कर्जांना तो सक्तीचा केलाय. त्यात एपीआर लिहिलेला असतो, म्हणजे फी वगैरे धरून वर्षाला पडणारा खरा दर. दोन्हीकडचे एपीआर शेजारी ठेवा. मुदतीआधी कर्ज फेडलं तर किती दंड तेही त्यातच बघा. आमच्या बँकेत गाडीचं वय आणि कर्जाची मुदत मिळून दहा वर्षांच्या आत लागायची. तुमचं काठावर आहे, चार वर्षांची तयारी ठेवा. पगार ज्या खात्यात येतो तिथे आधी विचारा.

तुषार ३०१: आईंची एफडी असेल तर त्यावर कर्ज? एफडीच्या दरापेक्षा एखादा टक्का जास्त, बस.

जाधव ४०२: आईच्या एफडीला हात लावायचा नाही.

पेंडसे काका २०३: बरं. आरसीवर आधीच्या बँकेची एचपी, म्हणजे जुन्या कर्जाचा बोजा, आहे का? परिवहनच्या ॲपवर नंबर टाकून बघा. असेल तर बँकेची एनओसी आणि बोजा उतरवायचा फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय टोकन देऊ नका.

जाधव ४०२: टोकन दिलंय काका. १० हजार.

वाघ ३०४: 😬

निकम १०१: (मेंटेनन्स ७,२०० होता.)

जाधव ४०२: निकमसाहेब!!

पेंडसे काका २०३: पावती आहे का?

जाधव ४०२: व्हिजिटिंग कार्डच्या मागे लिहून दिलंय.

पेंडसे काका २०३: संध्याकाळी घरी या. हप्त्याचा तक्ता करून देतो. टोकनचंही बघू.

घुगे ४०१: आता पार्किंगचं बोलू का?

शेवाळे सर (सेक्रेटरी): अर्जंट. गेटसमोर पांढरी स्विफ्ट कोणाची आहे? टँकर दहा मिनिटं बाहेर उभा आहे, ड्रायव्हर परत जातो म्हणतोय.

घुगे ४०१: आपल्या विंगमधली नाही. मागच्या काचेवर फायनान्सचं स्टिकर आहे.

जाधव ४०२: पाटील, मेहुणे माझ्याकडे बसलेत. सहीचे कागद घेऊन. खाली पाठवतो.

जाधव ४०२: कागद ठेवून घेतलेत. काका, फोटो पाठवू की संध्याकाळी घेऊन येऊ?

पेंडसे काका २०३: घेऊनच या. चष्मा लावून वाचायचे आहेत.

काळे आजी १०२: पाणी आलं का?