मदत हवी आहे : कॅनबेरावर काम केलेल्यांच्या आठवणी

नमस्कार मंडळी,
हवाई दलात कॅनबेरा बॉम्बरवर काम केलेल्यांच्या आठवणी रेकॉर्ड करतोय. १९६५चा पेशावरवरचा रात्रीचा हल्ला, १९७१चं युद्ध हे सगळं छापून आलंय. मला हवाय तो ग्राउंड क्रू, म्हणजे जमिनीवर विमानाची देखभाल करणारी माणसं. इंजिन चालू करताना काडतूस फुटायचं, काळ्या धुराचा लोट उठायचा. त्या धुरात उभं राहून काम करणारी माणसं आता ऐंशीच्या पुढे गेलीत.

नॅव्हिगेटर (विमानात मार्ग सांगणारा) असलेलं कुणी भेटलं तर सोन्याहून पिवळं. कॅनबेराच्या बी(आय)५८ या प्रकारात वैमानिकाला इजेक्शन सीट (संकटात माणसाला विमानाबाहेर फेकणारी खुर्ची) होती, नॅव्हिगेटरला नाही! बिचाऱ्याने नाकात पालथं पडून नेम धरायचा आणि वेळ आलीच तर दारातून उडी मारायची. हे रोज डोक्यात ठेवून कसं उडायचे, ते त्यांच्याच तोंडून ऐकायचंय.

पुण्यात लोहगावला किंवा आग्र्याला असलेले कुणाचे आजोबा, काका आहेत का? घरी येऊन भेटेन. आणखी एक, माझे एक मामा 'काही विशेष नाही रे' म्हणून विषय बदलतात. अशांना बोलतं कसं करायचं? लॉगबुक, जुने फोटो समोर ठेवून कुणी प्रयत्न केलाय का?