विषय: घरची शाळा, सुट्टीतलं कोकण आणि अभ्यासक्रम कोणता घ्यावा

प्रेषक: एडिसनकर

नमस्कार मंडळी,

गणपतीच्या वर्गणीच्या चर्चेत हे घुसवत नाही, म्हणून वेगळी मेल. सप्टेंबरपासून एक वर्ष दोन्ही मुलांना घरीच शिकवायचं आम्ही ठरवलंय. थोरली दहाची, धाकटा सहाचा. त्याआधी जूनच्या शेवटी इथली, न्यू जर्सीतली शाळा सुटली की थेट कोकणात सासरी, गुहागरजवळ, ते ऑगस्टअखेरपर्यंत. म्हणजे घरच्या शाळेची रंगीत तालीम तिथेच होईल असा विचार आहे.

सासूबाईंना फोनवर सांगितलं तर त्या म्हणाल्या, "शाळेतून काढलं? का, नापास झाली?" तेव्हापासून झोप उडालीय. अकरा अभ्यासक्रमांचा तक्ता केलाय. किंमत, पुस्तकं, ऑनलाइन की छापील, सगळे रकाने भरलेत आणि तरीही काही कळत नाही. कोणता घ्यावा? आणि कोकणात दोन महिने मजा आणि शिक्षण दोन्ही साधेल असं काय करता येईल?

---

प्रेषक: सध्या गुहागरकर

ताई,

तो तक्ता आधी मिटून ठेवा. आम्ही मागच्या वर्षी तिकडच्या मराठी मंडळाचा निरोप घेऊन इथे राहायला आलो तेव्हा माझाही असाच तक्ता होता, फक्त चौदा ओळींचा. त्यातला सगळ्यात महागडा, वर्षाचं सगळं साहित्य एका खोक्यात देणारा अभ्यासक्रम आम्ही उचलून आणला. जुलैत त्या खोक्यावर बुरशी आली. ऑनलाइन भाग होता तो लाईट गेली की बंद, आणि इथे पावसात लाईट गेली की मागोमाग रेंजही जाते. उरलं ते वाचायला बसलो तर पहिल्याच आठवड्यात शरद ऋतूतली मेपलची पानं गोळा करा! अंगणात फणसाची पानं कुजत होती.

दुसरं आधीच सांगते, कारण मला कुणी सांगितलं नव्हतं. तुमची तिकडची समर म्हणजे इकडचा पाऊस. तुम्ही उतराल तेव्हा मृग संपून आर्द्रा लागलेलं असेल. आंबा आटोपलेला, कासवांची पिल्लं कधीच समुद्रात गेलेली, आणि 1 जून ते 31 जुलै यांत्रिक मासेमारीला बंदी, त्यामुळे हर्णैचा मासळीचा लिलावही नाही. समुद्रात पाय घालायचा नाही, हे मुलांना विमानातच सांगा. मग उरतं काय, तर सगळं उरतं, पण फोटोतलं कोकण नव्हे.

आमचं गाडं रुळावर आलं ते भरतीमुळे. आमच्या सासऱ्यांना कुणी विचारलं, आज भरती किती वाजता, तर ते भिंतीवरच्या कॅलेंडरात तिथी बघतात आणि सांगून टाकतात. चतुर्थी? तीन वाजता. अष्टमी? सहा. तिथीची पाऊणपट करायची, झालं. बारा तास पंचवीस मिनिटांनी पुन्हा दुसरी भरती. आमची लेक तेव्हा दहाची, तिकडच्या शाळेत अपूर्णांकांनी रडवलेली. तिने विचारलं, एवढं पटकन कसं येतं? आजोबांनी पाऊणकी, म्हणजे पाऊणचा पाढा, म्हणून दाखवली. एक पाऊण पाऊण, दोन पाऊण दीड, तीन पाऊण सव्वादोन, चार पाऊण तीन, पाच पाऊण पावणेचार. तीन दिवसांत पाठ. मी सहा महिने रंगीत तुकडे कापून जे शिकवत होते ते हे.

पण खरी गंमत पुढे आहे. आम्ही खाडीच्या धक्क्याशी एका बांबूवर वीतवीत अंतराने रंगाच्या खुणा केल्या आणि वही घेऊन बसलो. कधी नियम वीस मिनिटांनी चुकायचा, कधी चाळीस. वारा, पाऊस, खाडीचं तोंड, सगळ्यांना दोष देऊन झाला. मग एका रात्री जेवताना ती म्हणाली, पौर्णिमा म्हणजे पंधरा, पंधरा पाऊण सव्वाअकरा. दुसऱ्या दिवशी प्रतिपदा, म्हणजे पाऊण, म्हणजे पाऊण वाजता. रोज पाऊण तास पुढे जाणारी भरती त्या एका दिवशी दीड तास कशी पुढे गेली? मधला पाऊण तास कुठे गेला?

आजोबांचं उत्तर: "होडी काढायला तेवढं इकडेतिकडे चालतं." मला मात्र रात्रभर चैन पडेना. अमावास्येपासून पौर्णिमेपर्यंत पंधरा तिथी, आणि तेवढ्यात भरती घड्याळात बरोबर बारा तास सरकते. बाराला पंधराने भागा: 48 मिनिटं. तिथी म्हणजे सूर्य आणि चंद्र यांच्यातलं बारा अंशांचं अंतर, आणि पूर्ण 360 अंशांना चोवीस तास धरले तर बारा अंश म्हणजे बरोबर 48 मिनिटं. पाऊण तास म्हणजे 45. रोजची तीन मिनिटं आजोबांनी, त्यांच्या आजोबांनी, सगळ्यांनी सोडून दिली, कारण चार पंचमांशाचा पाढा तोंडात बसत नाही आणि पाऊणकी बसते. तीन गुणिले पंधरा, पंचेचाळीस. पाऊण तास सापडला! दुसऱ्या रात्री हे सांगितलं तर लेकीने ताट तसंच टाकून आजोबांना उठवलं. ते म्हणाले, "बरं. आता झोप."

त्यात अपूर्णांक आले, कोन आले, चंद्राच्या कला आल्या, उधाण (मोठी भरती) आणि भांग (लहान भरती) आले. कुठल्या खोक्यात हे एका धाग्यात ओवलेलं मिळणार? हेदवीची बामणघळही आम्ही भरतीची वेळ काढूनच बघायला गेलो. खडकातल्या त्या चिरेत भरतीचं पाणी घुसून उंच उसळतं. पावसात मात्र लांबूनच बघा, खडक शेवाळलेले असतात.

पावसाचंही तसंच. उभ्या कडांची, सपाट बुडाची काचेची बरणी उघड्यावर ठेवा आणि रोज सकाळी साडेआठला पट्टीने मोजा. हवामान खातंही आदल्या चोवीस तासांचा पाऊस साडेआठलाच मोजतं. 64.5 मिलिमीटरपासून पुढे मुसळधार, 115.6 पासून अतिमुसळधार, 204.5 पासून त्याहून वरचं. इंचात वाढलेल्या मुलांना मिलिमीटर पुस्तकातून कळत नाही, बरणीतून कळतो. एक मिलिमीटर पाऊस एक चौरस मीटरवर पडला की एक लिटर पाणी. मग आपल्या कौलांवरून काल किती पाणी वाहून गेलं ते काढायला लावा. आमच्याकडे ऐंशी चौरस मीटर छपरावर एका दिवसात आठ हजार लिटरच्या वर आलं, आणि तेच घर एप्रिलमध्ये टँकरची वाट बघतं. यावर लेक जे बोलली ते इथे लिहीत नाही, पण ग्रामपंचायतीला लागू पडणारं होतं.

सहा वर्षांच्याला काहीही विकत घेऊ नका. त्याला गोष्टी वाचून दाखवा आणि सुपाऱ्या मोजायला द्या. बोर्डी-कोसबाडला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा चालवली. गुरं चरायला जातील तिथे शाळा. आपण त्या मानाने सुखी आहोत, आपल्याला फक्त गोठ्यापर्यंत जायचंय.

आता तुमचा मूळ प्रश्न. आमचं उत्तर असं: फक्त गणिताचं एक पुस्तक पैसे देऊन घ्या, कारण गणितात पायरी चुकली तर पुढे अडतं. तेही आधी पुस्तकातली चाचणी देऊन इयत्ता ठरवून, वयावरून नव्हे. आमची लेक भागाकारात एक इयत्ता मागे आणि भूमितीत पुढे निघाली. आठवड्यातून चार दिवस, चाळीस मिनिटं. मराठीसाठी बालभारतीची पुस्तकं त्यांच्या संकेतस्थळावर फुकट आहेत आणि 'किशोर' मासिकाचे जुने अंकही. इंग्रजी वाचन ते आपणहून करतील. इतिहास आणि विज्ञान वर्षभराचं आजच ठरवू नका. सप्टेंबरात मुलं काय विचारत परत येतात ते बघा आणि मग खरेदी करा.

---

प्रेषक: यार्डलीकर काका

लेख वाचून आनंद झाला, पण कागदपत्रांकडे कुणी बघतंय का? एडिसनकर, तुम्ही न्यू जर्सीत आहात, म्हणजे नशीबवान. तुमच्या कायद्यात शाळेबाहेर 'समतुल्य शिक्षण' चालतं एवढंच म्हटलंय. तरी नाव काढताना शाळेला लेखी पत्र द्या, नाहीतर सप्टेंबरात गैरहजेऱ्या लागत राहतील आणि कुणीतरी दार वाजवेल.

आम्ही डेलावेअर नदीच्या अलीकडे. पेनसिल्व्हेनियात दरवर्षी 1 ऑगस्टच्या आत प्रतिज्ञापत्र, वर्षाला 180 दिवस किंवा प्राथमिकला 900 तास, मुलांच्या कामाचं बाड, आणि वर्षाअखेर बाहेरच्या माणसाकडून तपासणी. तिसरी, पाचवी आणि आठवीला प्रमाणित परीक्षाही. सुनेने दोन वर्षं केलंय. तिची तपासणी करणाऱ्या बाईंना छापील प्रश्नपत्रिकांपेक्षा नातवाची पक्ष्यांची वही जास्त आवडली. तेव्हा ती भरतीची वही जपून ठेवा, पुढेमागे नदी ओलांडलीत तर कामाला येईल. प्रत्येक पानावर तारीख घाला. तारीख नसलेलं पान म्हणजे नुसतं चित्र.

आणि भारतातच राहायचा विचार झाला तर घाबरू नका. एनआयओएसची, म्हणजे राष्ट्रीय मुक्त शाळेची, दहावी चौदा वर्षं पूर्ण झाल्याशिवाय देताच येत नाही. दहा वर्षांच्या मुलीसाठी आज बोर्ड निवडायची गरज नाही.

---

प्रेषक: पार्सिपनीच्या आजी

सर्वांना आशीर्वाद.

मी रत्नागिरी जिल्ह्यात एकतीस वर्षं प्राथमिक शिक्षिका होते, तेव्हा दोन शब्द बोलायचा हक्क आहे. पाऊणकीचं वाचून गहिवर वगैरे आला नाही. आम्ही ती छडीच्या भीतीने पाठ केली आणि ती कशाला लागते हे कुणीही सांगितलं नाही. मला स्वतःला तो पाऊण तास आज कळला, वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी. त्या मुलीला माझा नमस्कार सांगा.

पण कुरणशाळेशी आपली तुलना नको. ज्यांना शाळेपर्यंत पोचता येत नव्हतं त्यांच्याकडे शाळा गेली. तुम्ही शाळा समोर असताना बाहेर पडताय. पडा, चूक नाही, पण दोन्ही गोष्टी एक नाहीत.

भाताच्या लावणीला मुलांना नेणार असाल तर आधी विचारून. ती बायकांची मजुरी आहे, तुमचा उपक्रम नव्हे. रोपं तुडवली की त्यांनाच पुन्हा लावावी लागतात. पायाला जखम असेल तर चिखलात मुळीच नाही. लेप्टोचा ताप आमच्याकडे पावसात असतोच.

आणि भाषा आजीआजोबांपेक्षा शेजारच्या पोरांकडून लवकर येते. जिल्हा परिषदेची शाळा 15 जूनला सुरू होते. पाच वाजता पोरं सुटली की तुमची दोन्ही अंगणात सोडा आणि तुम्ही घरात जा. मध्ये इंग्रजीतून समजावू नका. धाकट्याला आकडे शिकवताना 'पंचवीस' अडलं तर 'वीस पाच' म्हणू द्या. 2019 मध्ये दुसरीच्या पुस्तकात ते आलं तेव्हा केवढा गदारोळ झाला, मीही ओरडले होते. आता नातवाला 'एकोणसाठ' शिकवताना मत बदललंय.

---

प्रेषक: सध्या गुहागरकर

आजी, कुरणशाळेचं कबूल. लिहिण्याच्या भरात गेले. लावणीचंही खरं आहे. मागच्या वर्षी आमच्या दोघांनी अर्धा वाफा तुडवला आणि मी त्याचा फोटो मंडळाच्या ग्रुपवर टाकला होता. कुणी काही बोललं नाही, पण शेजारच्या काकू नंतर दोन दिवस घरी आल्या नाहीत.

---

प्रेषक: एडिसनकर

मंडळी, खूप आभार. तक्ता पुसला नाही, पण त्यातल्या दहा ओळी लपवल्या. गणिताचं पुस्तक मागवलं. चाचणीत थोरली अपूर्णांकांत अडकली, अपेक्षेप्रमाणे. शाळेला पत्र आज देतेय. सासूबाईंना सांगितलं की यंदा मुलांना मामंजी शिकवणार आहेत. तिकडून बराच वेळ आवाज नाही, मग "ह्यांना विचारते" म्हणाल्या.

आम्ही पोचतो त्या दिवशी षष्ठी आहे. थोरलीने पाऊणकीने साडेचार काढलेत आणि 48 मिनिटांनी चार अठ्ठेचाळीस. बांबू कुठे रोवायचा ते तिने गूगलच्या नकाशावर बघून ठेवलंय. दोन्हींपैकी कुठलं खरं ठरलं ते कळवते. एवढंच सांगा, उभ्या कडांची बरणी गुहागरला मिळेल की लोणच्याची रिकामी करून इथूनच आणू?