टोकियो वर्ल्ड चॅम्पियनशिपमध्ये आपली टीम खरंच इतकी वाईट खेळली का?

भालाप्रेमी:
2025 च्या टोकियो वर्ल्ड अ‍ॅथलेटिक्सवरून आपले लोक रिकाम्या हाताने आले, एकही मेडल नाही, आणि ज्याच्यावर सगळी भिस्त होती तो भालाफेकीतला नीरज चोप्राच 84.03 मीटरवर अडकून आठवा. 2023 ला बुडापेस्टमध्ये ह्याच नीरजने 88.17 ला गोल्ड मारलं होतं, भाल्यातच किशोर जेना पाचवा, डी. पी. मनू सहावा, शिवाय 4x400 रिलेच्या पोरांनी हीटमध्ये (प्राथमिक फेरीत) 2:59.05 चा आशियाई रेकॉर्ड करून फायनल गाठली होती. आता जो तो म्हणतोय अ‍ॅथलेटिक्स मागे गेलं. तुम्हाला काय वाटतं?

उंचउडी_फॅन:
अरे सर्वेश कुशारेची फायनल बघितली का नाही? आपल्या नाशिक जिल्ह्यातला पोरगा, वर्ल्डच्या हाय जंप फायनलला गेलेला पहिला भारतीय, आणि नुसता गेला नाही तर सहावा आला. 2.28 मीटरला दोन जंप फुकट गेल्या, तिसरी शेवटची, ती गेली की खेळ खलास, आणि तिथे पठ्ठ्याने बार क्लिअर केला! पर्सनल बेस्ट! तेजस्विन शंकरच्या नॅशनल रेकॉर्डला फक्त एक सेंटीमीटर कमी. हाच पोरगा पॅरिस ऑलिम्पिकला 2.15 वर थांबला होता, म्हणजे एका वर्षात कुठून कुठे आला बघा. माझ्या अंगावर काटा आला होता. पण दुसऱ्या दिवशी चर्चा सगळी नीरजचीच, ह्याचं मला फार वाईट वाटतं.

लेन_नंबर_4:
+1. आणि भाल्यात सचिन यादवचं काय? पहिल्याच थ्रोला 86.27, चौथा आला, ब्राँझ 86.67 ला गेलं, म्हणजे 40 सेंटीमीटरने हुकलं. नीरजच्याही पुढे, जर्मनीच्या वेबरच्याही पुढे, आणि नीरज तर पाठीचं दुखणं घेऊन उतरला होता.

स्टॉपवॉच:
दोघांचं कौतुक आहेच, पण बाकीच्यांचं काय ते पण बोला. अनिमेष कुजूर 200 मीटरला 20.32 चा नॅशनल रेकॉर्डवाला, हीटमध्ये 20.77 पळाला आणि बाहेर. माझा मुद्दा एवढाच आहे की आपली माणसं मे-जूनमध्ये आशियाई स्पर्धेला फुल फॉर्मात असतात आणि सप्टेंबरमध्ये मोठ्या स्पर्धेला येईपर्यंत थकलेली असतात, सीझनचं प्लॅनिंग सुधारलं पाहिजे. मेडल नाही म्हणून मी नाराज नाहीये, स्वतःच्या बेस्टच्या जवळपास सुद्धा येत नाहीत म्हणून आहे.

उंचउडी_फॅन:
@स्टॉपवॉच हे पटलं. म्हणूनच तर सर्वेशचं मोल जास्त, त्याने बेस्ट नेमकी फायनललाच काढली. शिवाय आपला बीडचा अविनाश साबळे मोनॅकोत गुडघा दुखावल्यामुळे टोकियोला नव्हताच, स्टीपलचेसमध्ये (अडथळे आणि पाण्याचा खड्डा ओलांडायची 3000 मीटर शर्यत) तो असता तर फरक पडला असता.

भालाप्रेमी:
सर्वेशची फायनल राहिलीच होती बघायची, आज रात्री बघतो. 2026 ला एशियन गेम्स पण जपानमध्येच आहेत, आयची-नागोयाला, तेही सप्टेंबरमध्ये, त्यामुळे स्टॉपवॉचचा प्लॅनिंगचा मुद्दा तिथे लगेच कळेल.