मदत हवी आहे: वाचनालयातल्या जुन्या डेस्कटॉपची रॅम वाढवायची आहे

नमस्कार मंडळी. चोपड्याजवळच्या आमच्या गावातल्या वाचनालयात एक जुना डेस्कटॉप आहे. आय३-२१०० प्रोसेसर, एच६१ मदरबोर्ड, डीडीआर३ रॅमची ४ जीबीची एकच पट्टी. दुसरा स्लॉट रिकामा. पोलीस भरती आणि तलाठी परीक्षेची तयारी करणारी पोरं त्यावर सराव पेपर सोडवतात. क्रोममध्ये चार टॅब उघडले की मशीन अडकतं आणि घड्याळ लावून बसलेल्या पोराची मिनिटं जातात. बघवत नाही ते.

या प्रोसेसरवर १६०० मेगाहर्ट्झ वेगाची पट्टीही १३३३ वरच चालेल, हे माहीत आहे. विंडोज ६४ बिट आहे, म्हणजे ४ जीबीच्या वर घ्यायला अडचण नाही. पण आहे त्या पट्टीसोबत दुसऱ्या कंपनीची ४ जीबी लावली तर ड्युअल चॅनेल (दोन्ही पट्ट्या एकत्र वापरून वेग वाढवणं) नीट चालेल का, की एकसारखी जोडीच घ्यावी? दुकानदार डीडीआर३एल देतोय, १.३५ व्होल्टची. या बोर्डावर ती १.५ वर चालेल, पण आमच्याकडच्या उन्हाळ्यात टिकेल का? कोणी वापरली असेल तर जरूर सांगा.

हार्ड डिस्कही जुनीच आहे. पैसे एकाच गोष्टीपुरते जमलेत, तर रॅमऐवजी आधी एसएसडी (हार्ड डिस्कच्या जागी बसणारी वेगवान डिस्क) घेऊ का?

रविवारी जळगावला गोलाणी मार्केटला जातोय. वापरलेली पट्टी दुकानातच कशी तपासायची, तेही सांगा भाऊ.