मदत हवी आहे: साखरपुड्यानंतर लग्नाची आखणी कोणत्या क्रमाने करावी?

नमस्कार मंडळी. धाकट्या बहिणीचा साखरपुडा झालाय, लग्नाला साधारण 8 महिने आहेत आणि आखणी माझ्या गळ्यात पडलीय. हॉल आधी ठरवायचा की पाहुण्यांची यादी, यावर घरात रोज खडाजंगी. माझं मत यादीच्या बाजूने आहे. हॉल केवढा, जेवणाची पानं किती, पत्रिका किती छापायच्या, सगळं त्या आकड्यावरच अवलंबून. पण चांगले हॉल यादी पूर्ण होईपर्यंत थांबतात थोडेच! अंदाजे आकडा धरून हॉल अडकवून ठेवावा का? मग माणसं वाढली तर?

फोटोग्राफर मात्र लवकर ठरवणार आहे, कारण तो एका दिवशी बहुधा एकच लग्न घेतो. कपडे, सजावट नंतर बघू.

आणखी एक. आगाऊ रक्कम देताना तारीख बदलल्यास किंवा रद्द झाल्यास किती परत मिळेल, हे लेखी घ्यायचंय. तुम्ही करारात आणखी काय लिहून घेतलंत? आणि ऐनवेळच्या खर्चासाठी एकूण बजेटच्या 10 टक्के बाजूला ठेवले तर पुरतात का? नुकतंच घरचं कार्य उरकलेल्यांनी जरूर सांगा.