‘फीडबॅक’ला नमुन्यात काय लिहावं? अभिप्राय, सूचना, शेरा की प्रत्याभरण

धंतोलीकर
नागपुरातल्या एका महाविद्यालयात दुसऱ्या वर्षाची मुलं एका सार्वजनिक वाचनालयाची वेबसाइट नव्याने मांडत आहेत. कच्चं काम तयार आहे. आता एका गटाने दुसऱ्याचं काम बघून लेखी फीडबॅक द्यायचा. त्यासाठी एक पानी छापील नमुना मराठीत करायचा आहे. मथळ्यात मी ‘अभिप्राय’ घातलं. सहकारी शिक्षिकांच्या मते ‘सूचना’ हवं, कारण अभिप्राय संपलेल्या कामावर देतात आणि हे काम अर्धवट आहे. मला दोन्ही शब्द अपुरे वाटतात. शिवाय ‘ड्राफ्ट’ला मसुदा म्हणावं की खर्डा? नमुना सोमवारी छापायला जाणार.

टेकडीरोड
अभिप्राय नको. तो शब्द दिसला की हात आपोआप अभिप्रायवहीत लिहितात तसं लिहितो: ‘मांडणी आकर्षक, रंगसंगती छान, पुढील वाटचालीस शुभेच्छा.’ करणाऱ्याला यातून दुसऱ्या दिवशी बदलता येईल असं काहीच मिळत नाही.

शब्दमाग
दोष शब्दाचा नाही, वापराचा आहे. ‘अभिप्राय’ आणि ‘अभिप्रेत’ एकाच धातूचे. मूळ अर्थ हेतू, आशय. ‘या ओवीचा अभिप्राय असा की’ हे आजही चालतं. मत हा अर्थ नंतर चिकटला. मुलांना मूळ अर्थ सांगा, म्हणजे ‘करणाऱ्याला काय अभिप्रेत होतं आणि ते पोचलं का’ असा नेमका प्रश्न त्या एका शब्दात बसतो.

टेकडीरोड
भाऊ, नमुना भरायला हातात पाच-सात मिनिटं असतात. व्युत्पत्ती कोण सांगणार?

बर्डीवाला
‘सूचना’ला माझी हरकत वेगळी आहे. आपण सूचना *करतो* तेव्हा ती सुचवणी असते, सूचना *देतो* तेव्हा तो हुकूम असतो. मथळ्यात क्रियापद नसतं, त्यामुळे वाचणारा दुसराच अर्थ घेतो. मग ‘मेनू सुटसुटीत करा’, ‘लोगो मोठा करा’, ‘निळा रंग वापरा’ अशी यादी येते. काय बिघडलं ते कळतच नाही, थेट औषध लिहून दिलेलं. लोगो मोठा का हवा? कदाचित पान कोणाचं आहे हेच कळलं नसेल. ते वाचनालयाचं नाव ठळक करूनही सुटेल. पण तसं कोणी लिहिलेलंच नसतं.

महालची शाळा
बी.एड.च्या सूक्ष्म अध्यापनात, म्हणजे छोट्या पाठाच्या सरावात, यासाठी शब्द आहे: प्रत्याभरण. आपल्याकडच्या प्रचलित आराखड्यात ६ मिनिटं पाठ, ६ मिनिटं प्रत्याभरण, १२ मिनिटं पुनर्नियोजन, मग ६ मिनिटं पुन्हा पाठ आणि ६ मिनिटं पुन्हा प्रत्याभरण. एकूण ३६ मिनिटं. शब्द तयार आहे, शिक्षकांना माहीत आहे, तोच घ्या.

टेकडीरोड
डी.एड., बी.एड.च्या बाहेर ‘प्रत्याभरण’ कोणाला कळतं? विद्यार्थी ते ‘भरणा’सारखं काही समजतील.

विदर्भ_तंत्र
‘पुनर्भरण’ चालेल का? फीडबॅक मुळात विद्युत मंडलाचा, म्हणजे सर्किटचा शब्द आहे. बाहेर पडलेल्या संकेताचा काही भाग परत आत सोडणे. अमेरिकेतल्या बेल लॅब्ज या संशोधनसंस्थेत हॅरोल्ड ब्लॅक यांनी १९२७ साली ऋण (निगेटिव्ह) फीडबॅकचा वर्धक, म्हणजे अ‍ॅम्प्लिफायर सुचवला. त्यात ‘ऋण’ म्हणजे वाईट नव्हे. उलट, वर्धक त्यामुळेच स्थिर राहतो. वर्गात मात्र ‘निगेटिव्ह फीडबॅक’ म्हणजे बोलणी, असं झालंय. मूळ अर्थ परत आणायची ही संधी आहे.

बर्डीवाला
विदर्भात पुनर्भरण म्हटलं की विहीर आणि भूजल आठवतं. तो शब्द पाण्याने घेतला, आता परत मिळायचा नाही.

टाचणवही
शब्दापेक्षा नमुन्याचे रकाने आधी ठरवा. या कामात लेखी फीडबॅक फसतो तो जवळपास नेहमी एकाच ठिकाणी. बघणारा स्वतःची आवड लिहितो, वापरणाऱ्याची अडचण लिहीत नाही. म्हणून प्रत्येक नोंदीत तीन गोष्टी सक्तीच्या ठेवा: कुठे, काय करायला गेलो, काय झालं. उपाय शेवटी, तोही ऐच्छिक.

नमुन्याच्या माथ्यावर एक भरलेली नोंद छापा, कारण मुलं व्याख्या वाचत नाहीत, उदाहरण बघून लिहितात. अशी: ‘मुख्य पान, मोबाइल, ३६० पिक्सेल रुंदी. वाचनालय रविवारी उघडं असतं का ते शोधलं. पहिल्या पडद्यावर इमारतीचा फोटो आणि सरकणारी चित्रं. मेनूत “वेळ” नाही. “आमच्याविषयी” उघडून तळाशी गेल्यावर वेळ सापडली, पण त्यात रविवारचा उल्लेख नाही.’ ही नोंद वाचून काय बदलायचं हे करणाऱ्याला सांगावं लागत नाही.

दुसरं, कच्चं काम कोणत्या अवस्थेत दाखवता यावर काय ऐकायला मिळेल ते ठरतं. रंग भरलेला, फोटो टाकलेला पडदा समोर ठेवलात की सगळी चर्चा रंगावर जाते आणि मांडणी तशीच राहते. पहिल्या फेरीला फक्त काळ्या-पांढऱ्या चौकटी, पण मजकूर खरा. ‘येथे मजकूर येईल’ असं भरलं तर मराठी शब्दांची लांबी कळत नाही. ‘सदस्यत्वाचे नूतनीकरण करा’ हे बटण ३६० पिक्सेलमध्ये दोन ओळींत जातं आणि शेजारचं बटण खाली ढकलतं. हे पहिल्याच फेरीत दिसायला हवं.

घेणाऱ्या गटाने सुरुवातीला दोन मिनिटं फक्त एवढंच सांगावं: हे कोणासाठी, आज काय तपासून हवंय, काय अजून झालेलं नाही. नंतर गप्प. कुणी अडखळलं की ‘अहो, ते वर आहे ना’ असं सांगितलं तर ती नोंद वाया गेली. त्यांनी विचारायचा प्रश्न एकच: ‘नेमकं कुठे?’

महालची शाळा
म्हणजे प्रत्याभरणच की! आणि ३६ मिनिटांत सगळ्यात मोठा वाटा पुनर्नियोजनाचा आहे, १२ मिनिटांचा, हे बघा. नोंदी वाचून लगेच काय बदलायचं ते ठरवायला वेळ ठेवला नाही, तर कागद फाइलमध्ये जातात.

टाचणवही
ताई, हे अगदी मान्य. वेळेची वाटणी तिथूनच घ्यावी. शब्दाचा आग्रह मात्र माझा नाही.

मात्रावेलांटी
‘छान दिसत नाही’ असं लिहून न थांबता मोजता येण्याजोग्या गोष्टींचा वेगळा रकाना ठेवा. मजकूर आणि पार्श्वभूमी यांच्यातला ठळकपणाचा फरक (कॉन्ट्रास्ट) साध्या आकाराच्या अक्षरांना किमान ४.५ : १ हवा, मोठ्या अक्षरांना ३ : १. मुलांचा लाडका फिकट राखाडी, ज्याच्या कोडमध्ये सहा वेळा ९ असतो, तो पांढऱ्यावर २.८५ : १ च भरतो. हे ‘मला वाचता येत नाही’ असं लिहिण्यापेक्षा आकड्यात लिहिलं की वाद संपतो.

देवनागरीसाठी तीन ठिकाणं हमखास बघा. इंग्रजी मथळ्यांसारखं अक्षरांतलं अंतर वाढवलं की शिरोरेघ तुटते. दोन ओळींतलं अंतर अक्षराच्या १.२ पट ठेवलं की वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीला भिडतो. १.५ ते १.७ पट ठेवून बघा. आणि पानाच्या कोडमध्ये भाषा मराठी म्हणून नोंदवली नसेल, तर फॉन्टमध्ये मराठी वळणाचे ल आणि श असूनही पडद्यावर हिंदी वळणाचे येतात. हे चित्रात दिसत नाही, ब्राउझरमध्येच दिसतं. म्हणून ही तपासणी दुसऱ्या फेरीत.

शब्दमाग
हे सगळं उपयोगाचं आहे, पण धागा शब्दाचा होता. ‘शेरा’ कोणीच का सुचवत नाही? लहान, जुना, कागदाच्या कडेला लिहायचा. इथे अगदी बसतो.

बर्डीवाला
शेरा *मारतात*. प्रगतिपुस्तकात ‘शेरा: प्रगती समाधानकारक’. शेवटी शेरेबाजी आणि ताशेरे. मुलांनी एकमेकांना शेरे मारावेत असं छापणार का?

विदर्भ_तंत्र
ताशेरे शेऱ्यातूनच आला असणार.

शब्दमाग
‘ता’ हा कोणता उपसर्ग? ध्वनी जुळला म्हणून नातं जुळत नाही.

टेकडीरोड
मला वाटतं नाम शोधणंच सोडावं. क्रियापदं छापा: ‘काय अडलं?’, ‘काय खटकलं?’, ‘काय जमलं?’ याच क्रमाने. अडलं म्हणजे काम पुरं झालं नाही, खटकलं म्हणजे झालं पण त्रासाने. हे दोन वेगळे ठेवले की करणाऱ्याला आधी काय दुरुस्त करायचं ते आपोआप कळतं. ‘जमलं’ हवंच, नाहीतर दुसऱ्या फेरीत चांगला भागही मोडून ठेवतात. आणि तोंडी विचारताना आपल्याकडचं ‘कसं वाटून राहिलं?’ टाळा. त्याला ‘मस्त’ हेच उत्तर येतं.

शब्दमाग
प्रश्न छान आहेत, पण कागदाला नाव लागतं. ‘अडलं-खटकलं पत्रक’ मागवणार, जमा करणार, फाइल करणार? अभिप्राय देता येतो, मागवता येतो, कळवता येतो. इतकी क्रियापदं दुसऱ्या शब्दाला लागत नाहीत.

बर्डीवाला
फीडबॅकलाही लागतात: देतात, घेतात, मागतात. नागपुरात मुलगा काय आणि प्राध्यापक काय, तोच शब्द बोलतात. मग कागदावरच का वेगळा?

शब्दमाग
बोलण्यात येतो तो प्रत्येक शब्द छापायचा म्हटलं तर नमुना मराठीत करायचं कारणच उरत नाही.

विदर्भ_तंत्र
आणि ड्राफ्ट? मसुदा शुद्ध मराठी आहे.

बर्डीवाला
मसुदा अरबी आहे. मूळ अर्थ काळं केलेलं, म्हणजे शाईने. तोही लिखाणालाच शोभतो: करार, ठराव, कायदा. चौकटींच्या चित्राला मसुदा म्हणणं विचित्र वाटतं.

मात्रावेलांटी
खर्डाही लिखाणाचाच. शिवाय कोल्हापूरच्या मुलाला खर्डा म्हणजे मिरची. पडद्यांच्या मांडणीला ‘आराखडा’ बरोबर, आतल्या मजकुराला ‘मसुदा’. दोन्हींचा फीडबॅक वेगळ्या लोकांनी द्यावा, म्हणून दोन शब्द असलेले बरेच.

महालची शाळा
खर्डा नागपूरकडच्या कार्यालयांत सर्रास चालतो. मिरचीमुळे तो का टाकायचा?

धंतोलीकर
सर्वांचे आभार. टेकडीरोड यांचे तीन प्रश्न, टाचणवही यांची भरलेली नोंद वर आणि मात्रावेलांटी यांचा मोजमापाचा रकाना मागच्या बाजूला, असं घेतोय. मथळ्याची जागा अजून कोरी आहे. मात्रावेलांटी, हाताने लिहायच्या ओळींत अंतर किती ठेवू?

मात्रावेलांटी
८ मिलिमीटर. त्याहून कमी ठेवलं की मात्रा आणि उकार एकमेकांत जातात. ‘कुठे’चा रकाना अरुंद ठेवा, ‘काय झालं’चा पानाच्या निम्म्याहून रुंद.

महालची शाळा
खर्ड्याची पक्की प्रत करतात. आराखड्याचं काय करतात?

बर्डीवाला
मंजूर करतात. निदान शहराच्या विकास आराखड्याचं तरी तसंच म्हणतात.

शब्दमाग
मंजूरही अरबीच.